तांब्याचा रंग सांगायचा कुणी? : शेडिंगच्या भाषांचा इतिहास आणि जुहूचे तीन शोधनिबंध

तांब्याचा हंडा आणि अगदी त्याच रंगाची प्लॅस्टिकची बादली शेजारी शेजारी ठेवली, तर दहा पावलांवरूनही कोणते काय ते कळते. रंग सारखा असूनही कळते. नीट निरखून पाहिले तर कारणही सापडते. उन्हाची तिरीप हंड्यावर पडते तिथली चकाकी तांबूस असते; बादलीवरची चकाकी मात्र पांढरीच राहते. प्लॅस्टिकमध्ये रंगाचे कण आत असतात. वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश रंग न घेताच परततो, आणि आत शिरून बाहेर पडलेला तेवढा रंग घेऊन येतो. धातूत आत शिरलेला प्रकाश तिथेच जिरतो. जो परततो तो पृष्ठावरूनच परततो, आणि तांब्याचे पृष्ठ निळा प्रकाश कमी व लाल जास्त परतवते. म्हणून त्याची चकाकीसुद्धा तांब्याची.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स या दोघांनी १९८१ साली एक शोधनिबंध सादर केला. त्यात दोन फुलदाण्यांची संगणकाने काढलेली चित्रे होती : एक तांब्याच्या रंगाच्या प्लॅस्टिकची, दुसरी तांब्याची. तोपर्यंत संगणकाने काढलेली बहुतेक चित्रे प्लॅस्टिकची का वाटत, याचा उलगडा त्या दोन चित्रांत होता. टॉरन्स हे यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक. धातूच्या पृष्ठावरून उष्णता आणि प्रकाश कसे परततात हा त्यांचा जुना अभ्यास. चित्राच्या कामात पदार्थविज्ञान शिरले ते असे, उष्णतेच्या प्रयोगशाळेच्या दाराने.

पुढच्या चाळीस वर्षांत या व्यवसायात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. ‘हे तांबे आहे’ असे यंत्राला सांगायचे कुणी, आणि कोणत्या शब्दांत? त्या शब्दांसाठी स्वतंत्र भाषा जन्माला आल्या. त्यांना शेडिंग लँग्वेज म्हणतात, आणि त्या भाषेत लिहिलेल्या छोट्या मजकुराला शेडर. चित्रपटातील डायनोसॉरची कातडी, पावसात भिजलेला रस्ता, जाहिरातीतील मोटारीचा रंग हे सारे अशा मजकुरांतून उभे राहते. या भाषांचा इतिहास बहुधा कॅलिफोर्निया, युटा आणि न्यूयॉर्क राज्यापुरता सांगितला जातो. त्यातला एक महत्त्वाचा दुवा मुंबईत, जुहूला, तयार झाला होता. तो दुवा वगळला तर पुढचे वळण नीट समजत नाही, असे माझे म्हणणे आहे. हा लेख त्यासाठी.

एका आकड्यात न मावणारी गोष्ट

मी राहतो ते सुपा पुणे–नगर रस्त्यावरचे गाव आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीमुळे पावडर कोटिंग हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. रंग दिलेला पत्रा तपासणारा माणूस तो डोळ्यांसमोर सरळ धरत नाही. तिरका करून, हळूहळू फिरवून बघतो. चकाकी मोजण्याचे ग्लॉस मीटर नावाचे यंत्र असते. ते साधारणपणे ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकते आणि तेवढ्याच कोनातून परतलेला प्रकाश मोजून एक आकडा देते. माल पास की नापास ठरवायला तो पुरतो.

चित्राला मात्र तो पुरत नाही. पत्रा तिरका करणाऱ्या माणसाला जे कळते ते सगळे चित्राला लागते : प्रकाश कुठल्याही दिशेने आला आणि डोळा कुठल्याही दिशेला असला, तर किती प्रकाश परतेल? हे उत्तर आकड्यात मावत नाही, ते एक फलन असते. त्यावर निसर्गाची दोन बंधने आहेत. पहिले, जेवढा प्रकाश आला त्याहून जास्त परतता कामा नये. दुसरे हेल्महोल्ट्झच्या नावाने ओळखले जाते : दिवा आणि डोळा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी परतण्याचे प्रमाण तेच राहिले पाहिजे. ही दोन बंधने वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढची सगळी गोष्ट ती मोडण्याची आणि पुन्हा पाळण्याची आहे.

सूत्रांकडून भाषेकडे

सुरुवातीला भाषा नव्हतीच, सूत्रे होती. युटा विद्यापीठात आंरी गुरो याने १९७१ मध्ये सपाट तुकड्यांनी बनलेली वस्तू गोलसर दिसावी म्हणून रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत नेण्याची रीत दिली. त्याच विद्यापीठात बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने चकाकीचे सूत्र दिले. ते १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो ऐन तारुण्यात वारला. फाँगचे सूत्र सोपे होते : थोडा सर्वत्र पसरलेला उजेड, थोडा मंद परावर्तित उजेड, आणि वर चकाकीचा ठिपका. हे निसर्गाचे सूत्र नाही, डोळ्याला पटणारे सूत्र आहे. ते इतके स्वस्तात पडे, की पुढे अनेक वर्षे तेच चालले.

अडचण वेगळीच होती. सूत्र कार्यक्रमाच्या पोटात बसवलेले असे. चित्रकाराच्या हाती फक्त आकडे बदलण्याची मुभा. त्याला गंजलेले लोखंड हवे असले, किंवा पैठणीचा काठ, तर कार्यक्रम लिहिणाऱ्या अभियंत्याकडे जावे लागे.

ही गाठ सोडवली पुन्हा कुकनेच. कॉर्नेल सोडून तो लुकासफिल्ममध्ये गेला आणि १९८४ मध्ये त्याने ‘शेड ट्रीज’ ही कल्पना मांडली. एकच सूत्र सर्वांना लावण्याऐवजी प्रत्येक पदार्थासाठी लहान लहान क्रियांचे एक झाड बांधायचे. फांद्यांवर पोत, रंग, खडबडीतपणा, आणि बुंध्याशी अंतिम रंग. पुढच्याच वर्षी केन पर्लिनने अशा मजकुरांत वळणे आणि फेरे वापरता येतील अशी पूर्ण भाषाच पुढे आणली. त्याच वेळी त्याने ‘नॉइज’ नावाचे गणिती साधन दिले, ज्याच्यामुळे संगमरवराच्या शिरा आणि ढगांचे पुंजके यंत्राला काढता येऊ लागले. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटावर काम करताना यंत्राच्या चित्रांतला गुळगुळीत कोरडेपणा त्याला खटकला होता. त्या खटकण्यातून ही निर्मिती झाली.

या सगळ्याला स्थिर रूप मिळाले पिक्सारमध्ये. १९८८ मध्ये ‘रेंडरमॅन’ची नियमावली प्रसिद्ध झाली आणि १९९० मध्ये पॅट हॅनरहन व जिम लॉसन यांनी तिच्यातील शेडिंगच्या भाषेवर शोधनिबंध लिहिला. ही भाषा दिसायला सी या प्रचलित संगणकभाषेसारखी, पण तिची नामे वेगळी होती. इतर संगणकभाषांना फक्त संख्या आणि अक्षरे कळत. हिला ‘रंग’, ‘बिंदू’, ‘दिशा’ आणि पृष्ठावर काटकोनात उभी असणारी ‘लंबदिशा’ ही मुळातूनच कळत होती. कोणताही धंदा घ्या, त्याच्या बोलीत त्याची नामे आधी ठरतात. सोनाराच्या बोलीत गुंज आणि मासा येतात, तसेच हे.

पण क्रियापद पाहा. या भाषेतील शेडर प्रत्येक दिव्याकडे एकेक करून जाई, ‘तू मला किती उजेड देतोस?’ असे विचारी, मिळालेल्या उजेडाचे स्वतःच्या मनाने काहीही करी आणि शेवटी एक रंग जाहीर करी. तो रंग अंतिम. वर कुणी तपासणारा नाही. दिवेसुद्धा शेडरच असत. त्यामुळे सावली न पाडणारा दिवा शक्य होता, अंतरानुसार मंद न होणारा दिवा शक्य होता, आणि उजेड देण्याऐवजी काढून घेणारा, म्हणजे ऋण तीव्रतेचा दिवासुद्धा शक्य होता. वर सांगितलेली निसर्गाची दोन्ही बंधने पाळण्याची सक्ती नव्हती.

याला दोष म्हणणे अन्यायाचे होईल. नाटकाचा प्रकाशयोजनाकार आणि तैलचित्रकार हेच करत आले आहेत. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेला ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा पहिला संगणकीय ॲनिमेशनपट याच भाषेच्या जोरावर उभा राहिला. त्यातली मुख्य पात्रे खेळणी होती, त्यातली बरीच प्लॅस्टिकची, हेही सोयीचेच होते.

जुहूचा हिशोब

त्याच काळात दुसरा एक प्रवाह वेगळ्या दिशेने चालला होता. त्याला भाषेत रस नव्हता. प्रकाश घरभर कसा पसरतो याचा पुरता हिशोब त्याला हवा होता. खोलीत लाल सतरंजी अंथरली की पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी लालसर झाक येते. ही झाक कुठल्याही एका दिव्याकडून येत नाही. उजेड सतरंजीवरून भिंतीवर उडी मारतो. एका पृष्ठावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. कॉर्नेलमध्ये १९८४ साली त्याची पहिली रीत निघाली, आणि १९८६ मध्ये जेम्स काजिया याने हे सारे एका समीकरणात बसवले. त्याचे साधे वाचन असे : एखाद्या ठिकाणाहून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या ठिकाणाने स्वतः दिलेला प्रकाश, अधिक चहूकडून तिथे येऊन परतलेला प्रकाश. चहूकडून येणाऱ्या प्रकाशाला पुन्हा हेच समीकरण लागू. समीकरण आपल्याच पोटात बसलेले असल्याने ते सरळ सोडवता येत नाही. नशिबाचे फासे टाकून, हजारो वाटा चाचपून त्याचे उत्तर गोळा करावे लागते.

इथे मुंबई येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकविषयक केंद्रातून १९८५ साली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही स्वायत्त संस्था निघाली. तिचे ठिकाण जुहू. भारतातील इंटरनेटच्या सुरुवातीच्या कामात ही संस्था आघाडीवर होती. ‘डॉट इन’ या पत्त्यांची नोंदणीही तिच्याकडे असे. तिच्या ग्राफिक्स विभागात सुधीर मुदूर आणि सुमंत पटनाईक हे दोघे प्रकाशाच्या हिशोबावर काम करत होते.

त्यांचे तीन शोधनिबंध माझ्या दृष्टीने मोलाचे. पहिला १९९२ चा, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे भरलेल्या युरोग्राफिक्सच्या कार्यशाळेतला. त्यात प्रकाशाला कणांच्या रूपात धरून दिव्यातून कण सोडायचे, प्रत्येक कण कुठे आपटतो, जिरतो की उडतो, हे फासे टाकून ठरवायचे, अशी रीत होती. दुसरा १९९३ चा, ‘पोटेन्शियल’ समीकरणाचा. तिसरा १९९५ च्या जानेवारीतला, अमेरिकेतील एसीएम या संस्थेच्या ग्राफिक्सविषयक नियतकालिकात आलेला, दोन्ही बाजूंची सांगड घालणारा.

‘पोटेन्शियल’ म्हणजे काय, ते घरातल्या उदाहरणाने सांगतो. देवघरात समई तेवते आहे आणि तुम्ही ओसरीवर बसला आहात. काजियाचे समीकरण तुमच्या डोळ्यापाशी उभे राहून विचारते : माझ्याकडे येणारा हा उजेड आला कुठून? पटनाईक–मुदूर यांचे समीकरण वातीपाशी उभे राहते आणि विचारते : इथून या दिशेने निघालेला उजेड, भिंती-दारांवर उड्या मारत, अखेर त्या डोळ्यापर्यंत पोचण्याची कुवत किती? पहिले समीकरण मिळालेल्या उजेडाचे, दुसरे पोचण्याच्या कुवतीचे. दोन्ही एकमेकांची प्रतिबिंबे आहेत, आणि त्यांची अंतिम उत्तरे तंतोतंत एकच आली पाहिजेत. अशा जोडसमीकरणांचा उपयोग अणुभट्टीच्या गणितात आधीपासून होता. तिथे उजेडाऐवजी न्यूट्रॉन असतात. १९९२ मध्येच कॉर्नेलच्या मंडळींनीही ‘महत्त्व’ मोजण्याची अशीच कल्पना वेगळ्या रीतीत वापरली होती. जुहूच्या निबंधांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी ही जोडी काजियाच्या समीकरणाशी नेमकी बांधून दाखवली, आणि दिव्याकडून चालणाऱ्या व डोळ्याकडून चालणाऱ्या रीती एकाच चौकटीत आणल्या.

याचा व्यवहारातला फायदा उघड आहे. कोणत्या वाटेने जाणारा कण डोळ्यापर्यंत पोचणारच नाही हे कळले, की त्याच्यामागे वेळ घालवायला नको. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिणाम. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणाऱ्या व्यापाऱ्याला तो सांगावा लागणार नाही. एका बाजूने लिहिलेल्या वहीत चुकीची रक्कम खपून जाते. जमा आणि नावे अशा दोन बाजू आल्या, की ती लपत नाही.

मेळ बसेना

आणि तसेच झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक व्हीच या संशोधकाने डोळा आणि दिवा या दोन्ही टोकांकडून एकदम वाटा काढण्याच्या रीती विकसित केल्या. त्याच्या कामात पटनाईक आणि मुदूर यांच्या निबंधांचा आधार नोंदलेला आहे. १९९६ मध्ये त्याने दाखवले, की रोजच्या वापरातील शेडर दोन्ही बाजूंनी चालवले तर उत्तरे जुळत नाहीत.

दोषी कोण? तीच जुनी सोय. सपाट तुकड्यांची वस्तू गोल दिसावी म्हणून लंबदिशा खोटी सांगायची. जिम ब्लिनने १९७८ मध्ये आणखी एक युक्ती दिली होती : पृष्ठावर खरोखरीचे उंचवटे न करता लंबदिशा इकडेतिकडे हलवून सुरकुत्यांचा भास करायचा. डोळ्याकडून हिशोब केला तर ही लबाडी सुंदर दिसते. तीच वस्तू दिव्याकडून हिशोबाला घेतली, की गोल दिसायला हवी ती पैलू पडल्यासारखी दिसू लागते, कडांवर उजेड एकदम तुटतो. व्हीचने ती तूट भरून काढण्याचा गुणकही दिला. पण तो लावायचा, तर शेडर आतून काय करतो आहे हे हिशोब करणाऱ्या यंत्रणेला ठाऊक हवे. जुन्या भाषेतला शेडर तर फक्त अंतिम रंग सांगून मोकळा होई.

इथे भाषेचा इतिहास आणि हिशोबाचा इतिहास एकमेकांना भेटतात. उजेडाच्या वाटा दोन्ही टोकांकडून चालवायच्या असतील, तर पदार्थाचे वर्णन करणारी भाषाच बदलायला हवी होती.

भाषेने सोडलेला अधिकार

तो बदल व्यवहारात यायला वेळ लागला, कारण यंत्रे महाग होती. जसजसा यंत्राचा तास स्वस्त झाला आणि कलाकाराचा तास महाग झाला, तसे पारडे फिरले. जुन्या रीतीत एका दृश्यासाठी बेतलेला शेडर दुसऱ्या दृश्यात, वेगळ्या उजेडात, बिघडत असे; प्रत्येक वेळी नव्याने डागडुजी. पदार्थ निसर्गाच्या नियमाने वागला, तर तो सकाळच्या उन्हात आणि कंदिलाच्या उजेडात आपोआप योग्य दिसतो.

सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समध्ये लॅरी ग्रिट्झ याने ‘ओपन शेडिंग लँग्वेज’ तयार केली आणि २०१० च्या सुरुवातीला ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. २०१७ मध्ये तिच्यासाठी त्याला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. नामे जवळपास जुनीच आहेत : रंग, बिंदू, दिशा, लंबदिशा. पण दिव्यांना एकेक करून विचारण्याची ती जुनी आज्ञा या भाषेत नाही. शेडरला दिवे दिसतच नाहीत. तो रंगही सांगत नाही. तो ‘क्लोजर’ नावाची वस्तू परत देतो. क्लोजर म्हणजे न सोडवलेले वर्णन : ‘इथे इतके भाग मंद परावर्तन, इतके भाग इतक्या खडबडीत धातूचे परावर्तन.’ त्यात प्रत्यक्ष उजेडाचा हिशोब अजून केलेला नसतो. तो पुढे यंत्रणा करते. डोळ्याकडून, दिव्याकडून, किंवा दोन्हीकडून, तिला सोयीचे असेल तसा.

म्हणजे शेडरने निकाल देणे सोडले आणि साक्ष देणे पत्करले. ‘हे तांबे आहे’ एवढेच तो म्हणतो. तांबे या क्षणी कसे दिसते, हे सांगण्याचा अधिकार त्याने सोडला.

डिस्ने स्टुडिओच्या ब्रेंट बर्ली याने २०१२ मध्ये पदार्थवर्णनाची आणखी सुटसुटीत पद्धत मांडली. त्याच्यासमोर प्रत्यक्ष मोजलेल्या १०० पदार्थांचा संग्रह होता. त्यातून त्याने कलाकाराला कळतील अशी मोजकी मापे निवडली : मूळ रंग, खडबडीतपणा, धातूपणा वगैरे, बहुतेक शून्य ते एक या पट्टीवर. २०१६ मध्ये रेंडरमॅनच्या एकविसाव्या आवृत्तीतून जुनी शेडिंगची भाषा काढूनच टाकण्यात आली. ‘टॉय स्टोरी’ची भाषा अठ्ठावीस वर्षांनी निवृत्त झाली. आज ब्लेंडर हा मोफत कार्यक्रम उतरवून घेणारा सुप्यातला एखादा विद्यार्थीही धातूपणाची पट्टी शून्यावरून एकवर सरकवू शकतो, आणि बादलीचा हंडा होताना पाहू शकतो.

हळदणकरांची बोटे

यात काही गमावले का? या प्रश्नासाठी मी एक चित्र समोर ठेवतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. हाती दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. जलरंगातले हे चित्र दिवाळीच्या रात्री हातात दिवा घेतलेल्या स्वतःच्या मुलीवरून सुचल्याचे सांगतात. पाहणाऱ्याची नजर खिळते ती बोटांवर. ज्योतीच्या आडचा हात काळा पडत नाही. बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या तांबूस दिसतात.

हा उजेड पृष्ठावरून परतलेला नाही. तो कातडीत शिरतो, आत भरकटतो आणि दुसऱ्याच ठिकाणी बाहेर पडतो. आत शिरण्याची जागा एक, निघण्याची दुसरी; म्हणून एका बिंदूपुरते बोलणारी सूत्रे इथे हात टेकतात. संगणकासाठी याची व्यवहारात चालेल अशी रीत २००१ मध्ये हेन्रिक व्हान येन्सेन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहन यांनी दिली. त्यांनी मोजलेल्या पदार्थांच्या यादीत संगमरवर आणि माणसाची त्वचा आहे, तसेच बटाटा, टोमॅटोचे केचप, साय, सायीसकटचे दूध आणि साय काढलेले दूधही आहे.

आता फरक पाहा. जुन्या भाषेत कलाकार म्हणाला असता : ‘बोटांच्या कडेला इथे लाल घाल.’ नव्या भाषेत तो म्हणतो : ‘ही त्वचा आहे, ही ज्योत आहे’, आणि लाल आपोआप उमटतो. हळदणकरांना कोणते समीकरण माहीत होते? त्यांना निरीक्षण माहीत होते, आणि कुठे किती वाढवायचे तेही माहीत होते. त्या वाढवण्याला, म्हणजे निसर्गाहून किंचित जास्त सांगण्याला, नव्या भाषेत सहज जागा नाही. स्टुडिओतील कलाकार आजही पळवाटा काढतात. एखादा दिवा फक्त एकाच पात्रावर पडावा अशी सोय करून घेतात. म्हणजे जुनी गरज संपलेली नाही.

‘भौतिकीय’ हे विशेषणही जपून घ्यायला हवे. या यंत्रणा बहुधा प्रकाशाला सरळ रेषेत जाणारा समजतात आणि रंगाला तीन आकड्यांत बसवतात. साबणाच्या फुग्यावरचे आणि मोरपिसावरचे रंग लहरींच्या खेळातून येतात. त्यांच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. तरीही पूर्वीच्या लबाडीपेक्षा हे बरे, असे मी म्हणेन. काय गृहीत धरले आहे ते इथे उघड मांडलेले असते आणि दोन बाजूंनी तपासता येते.

अक्षराचेही तेच

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, याचे एक कारण जुहूच्याच संस्थेत आहे. १९९९ मध्ये मुदूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांतील मजकूर संगणकावर कसा आकाराला आणावा यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्या सहलेखकांत र. कृ. जोशी होते, मराठीतले कवी, सुलेखनकार, आणि ‘मंगल’ या देवनागरी अक्षरसंचाचे कर्ते. पुढे कित्येकांनी संगणकावर पहिली मराठी ओळ टंकली ती मंगलमध्येच.

तिथला प्रश्नही तोच होता. जुन्या काळात संगणकीय मजकुरात अक्षरांचे आकार साठवले जात : एक काना, एक अर्धा तुकडा, एक वेलांटी. एका संगणकावरचा लेख दुसऱ्यावर नेला की त्याचा चिखल होई. मासिकांच्या संपादकांना ते दिवस आठवत असतील. युनिकोडच्या रीतीत साठवले जाते ते अक्षर काय आहे ते. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण साठवणीत क आधी आणि वेलांटी नंतर असते. ‘क्ष’ साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असा. त्याचा आकार ठरवणे हे अक्षरसंचाचे आणि यंत्रणेचे काम. वस्तू काय आहे ते एकाने सांगावे आणि ती कशी दिसते ते दुसऱ्याने ठरवावे. शेडरने पुढे स्वीकारलेली वाटणी ती हीच.

या वाटणीमुळेच आज एका शहरात बनवलेला पदार्थ दुसऱ्या देशातल्या स्टुडिओत बिनचूक उजळतो. मुंबईतील कितीतरी तरुण परदेशी चित्रपटांच्या दृश्यांवर काम करतात. त्यांच्या हातातून जाते ते असे वर्णन. ज्या हिशोबावर ते वर्णन उभे आहे त्याचा एक भाग त्यांच्याच शहरात मांडला गेला होता, हे त्यांना कुणी सांगत नाही.

पटनाईक पुढे फ्रान्सला, मग कॉर्नेलला आणि अखेर सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात गेले; मुदूर माँट्रिअलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात. जुहूची संस्था २००२–०३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि तिचे नाव संपले. शोधनिबंध ग्रंथालयांत आहेत, परदेशी पाठ्यपुस्तकांच्या संदर्भांत त्यांची नोंद आहे. पण संस्थेचे अंतर्गत अहवाल, त्या काळी काढलेली चित्रे, आणि अपुऱ्या यंत्रांवर हे काम करणाऱ्या माणसांच्या आठवणी यांना कायमचे घर मिळायला हवे. चित्रपटांच्या जुन्या रिळांसाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून आहे. संगणकाने काढलेल्या आपल्या पहिल्या चित्रांसाठीही तशी एक खोली मागायला हरकत नाही. त्या पिढीतील माणसे अजून बोलू शकतात, तोवर त्यांच्याकडे जाऊन बसणे हे काम कुठल्याही विद्यापीठाच्या परवानगीवाचून सुरू करता येईल.